बारावीचं कॅल्क्युलस सुरू होण्याआधी नेमकी कशाची उजळणी करावी?

रानजाई (१४ एप्रिल)
नमस्कार मंडळी. मुलगी विज्ञान शाखेला आहे, राज्य मंडळ. अकरावीची परीक्षा मागच्या आठवड्यात संपली. दहावीला गणितात ९४ होते, अकरावीत ५१ आले. वर्ष कसं गेलं ते घरोघरी माहीत असेल. आधी प्रवेशाच्या फेऱ्या, मग उशिरा सुरू झालेलं कॉलेज. शेवटी भाग २ मधले लिमिट्स, कंटिन्युइटी आणि डिफरन्सिएशन हे तिन्ही धडे आठ दिवसांत उरकले.

आता क्लासवाले २० मेपासून बारावीचा भाग २ सुरू करणार आहेत आणि त्याचा पहिलाच धडा डिफरन्सिएशन. म्हणजे हातात पाच आठवडे. आमचे हे म्हणतात, अकरावीची दोन्ही पुस्तकं पहिल्या पानापासून पुन्हा करून घ्या. मुलीचा चेहरा बघून माझा धीर होत नाही. मी बँकेत नोकरीला, माझं गणित बीकॉमला सुटलं, त्यामुळे काय महत्त्वाचं आणि काय सोडलं तर चालेल हे मला ठरवता येत नाही.

तिला विचारलं की काय अडतं, तर म्हणाली, "आई, सगळं कळतं, पण गणित सुटत नाही." याचा अर्थ काय लावायचा?

अर्धाकप
पहिला नंबर माझा! गणितातलं काही सांगता येणार नाही, पण धागा वाचणार. आमचे चिरंजीव पुढच्या वर्षी याच गाडीत बसणार आहेत.

फळा_खडू
रानजाई ताई, तालुक्याच्या गावातल्या कनिष्ठ महाविद्यालयात मी २६ वर्षं गणित शिकवलं. "सगळं कळतं, पण सुटत नाही" हे वाक्य दरवर्षी ऐकलं आहे आणि ते खरं असतं. मुलीला लिमिट (क्ष एखाद्या संख्येच्या जवळ नेला की उत्तर कशाच्या जवळ जातं ते) कळलेलं असतं. अडतं ते त्याच्या आधीच्या पायरीवर, आठवी-नववीच्या बीजगणितात.

एक उदाहरण देतो. (क्ष² + ५) भागिले क्ष. निम्मा वर्ग वरचा एक क्ष आणि खालचा क्ष काटतो आणि क्ष + ५ लिहून मोकळा होतो. छेदाने दोन्ही पदांना भागायचं असतं, उत्तर क्ष + ५/क्ष आहे. आता हेच पद डिफरन्सिएट करायला आलं की नियम अगदी बरोबर लावूनही उत्तर चुकतं. मग मूल म्हणतं, मला कॅल्क्युलस येत नाही. त्याला कॅल्क्युलस येतंय हो, त्याला भागाकार येत नाहीये.

(अ + ब)² म्हणजे अ² + ब², वर्गमुळाखालच्या बेरजेची दोन वेगळी वर्गमुळं, लॉग (अ + ब) म्हणजे लॉग अ + लॉग ब, या सगळ्या एकाच जातीच्या चुका. बेरजेतून काहीही सरळ आत नेता येतं असा हाताला लागलेला चुकीचा वळसा. तो आधी मोडा.

निळा_डोंगर
+१. माझ्या पुतण्याने १/(अ + ब) चे १/अ + १/ब केले होते. मी त्याला अ = १, ब = १ टाकायला सांगितलं. एकीकडे अर्धा, दुसरीकडे दोन. तो पाच मिनिटं वहीकडे बघत बसला. ती चूक पुन्हा केली नाही.

कृष्णाकाठ
फळा_खडू सरांबद्दल आदर आहे, पण मला थोडं वेगळं म्हणायचं आहे. मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवतो. "आधी पाया पक्का करा, मग कॅल्क्युलस" या सल्ल्यावर चालणारी मुलं पायातच राहतात. पाच आठवडे नुसती उजळणी केली तर मुलीला नवीन काहीच दिसणार नाही आणि गणिताचा कंटाळा मात्र येईल.

माझा सल्ला असा की कॅल्क्युलस उद्यापासूनच सुरू करा, पण फक्त बहुपदींवर. क्ष²चा डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा दर, व्याख्येवरून काढायला सांगा. (क्ष + ह)² मधून क्ष² वजा करायचे, ह ने भागायचं, मग ह शून्याकडे न्यायचा. या एका गणितात कंस उलगडणं, सामाईक अवयव काढणं, छेद काटणं, सगळं येऊन जातं. जिथे अडेल तिथे थांबून तेवढंच बीजगणित करायचं. गरज लागल्यावर शिकलेलं डोक्यात राहतं. त्रिकोणमिती पहिल्या दोन आठवड्यांत लागतसुद्धा नाही.

फळा_खडू
कृष्णाकाठ, तुमच्याकडे येणारी मुलं सीईटीच्या चाळणीतून आलेली असतात. माझ्यासमोर बसणाऱ्या मुलाला आपण अडलोय हेच कळत नसे. क्ष काटला, उत्तर आलं, पुढे गेला. अडेल तिथे थांब म्हणायला आधी अडल्याचं कळावं लागतं ना? कोणीतरी शेजारी बसून वही बघणारं हवं. ताई गणितातल्या नाहीत म्हणतात.

हडसनकाठची
इकडे न्यू जर्सीत शाळेत 'प्रीकॅल्क्युलस' असा वेगळा, वर्षभराचा विषयच असतो. फंक्शन, घातांक आणि लॉग, त्रिकोणमिती, आलेख. २०२३-२४ पासून त्याचीही एपी (शाळेतच घेतली जाणारी कॉलेजच्या पातळीची) परीक्षा सुरू झाली. त्यामुळे मला वाटायचं की आपल्याकडच्या मुलांपेक्षा इथली मुलं जास्त तयारीने कॅल्क्युलसला जात असतील.

प्रत्यक्षात काय झालं सांगते. मुलाला प्रीकॅल्क्युलसला उत्तम श्रेणी मिळाली. सगळं आलेख काढणाऱ्या कॅल्क्युलेटरवर केलेलं. एपी कॅल्क्युलसच्या परीक्षेचा मोठा भाग कॅल्क्युलेटरशिवाय असतो. पहिल्याच चाचणीत अपूर्णांकात अपूर्णांक आला आणि साहेब अडकले. मग मी माझ्या आईला फोन लावला. ती निवृत्त शिक्षिका. तिने व्हिडिओ कॉलवर रोज रात्री अर्धा तास छेद समान करणं, लसावि, अवयव पाडणं करून घेतलं. तिच्या मराठीतून! "छेदाचं परिमेयीकरण" हा शब्द माझा मुलगा आता बिनचूक उच्चारतो आणि आजीला त्याचं कोण कौतुक.

अर्धाकप
परिमेयीकरण बिनचूक म्हणणाऱ्या नातवाला माझ्याकडून एक पुरणपोळी.

शिकतोय_पुन्हा
मी वय वर्षे ४१, नागपूर. दहावीनंतर गणित सोडलं, बारावीला जीवशास्त्र घेतलं. आता कामासाठी संख्याशास्त्र शिकायला घेतलं आणि तिसऱ्याच दिवशी डेरिव्हेटिव्ह समोर आला. मग ई-बालभारतीवरून अकरावीची पुस्तकं उतरवली आणि सात आठवडे पहाटे बसलो.

मला बीजगणितापेक्षा जास्त अडलं ते 'फंक्शन' म्हणजे काय इथे. शाळेत क्ष ही नेहमी शोधायची गोष्ट होती. समीकरण सोडव, क्ष सापडला, संपलं. कॅल्क्युलसमध्ये क्ष शोधायचाच नसतो. तो हलत असतो आणि तो हलला की दुसरी गोष्ट किती हलते हे बघायचं असतं. हा बदल डोक्यात व्हायला मला तीन आठवडे लागले आणि त्याबद्दल मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. भाग २ मधला सहावा धडा, फंक्शन्स, हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात घाईत शिकवला जाणारा धडा आहे.

विशेषतः एका फंक्शनच्या पोटात दुसरं फंक्शन. चेन रूल (अशा फंक्शनचा डेरिव्हेटिव्ह काढायचा नियम) पूर्ण त्याच्यावर उभा आहे. मी ते असं समजून घेतलं: गहू गिरणीत जातो, पीठ येतं, पीठ परातीत जातं, कणीक होते. आधी मळून मग दळता येत नाही. साइन (क्ष²) मध्ये आधी वर्ग, मग साइन. साइनचा वर्ग म्हणजे आधी साइन, मग वर्ग. क्ष = ३० अंश टाकून बघा. साइन ३० अर्धा, त्याचा वर्ग पाव. आणि ३०चा वर्ग ९००, साइन ९०० अंश म्हणजे शून्य! दिसायला दोन्ही सारखेच.

ओंजळ
गिरणीचं उदाहरण खूप आवडलं. मी मागच्या वर्षी बारावी झाले. चेन रूलमध्ये बाहेरच्याचा डेरिव्हेटिव्ह घेऊन आतल्याचा विसरणं ही माझी कायमची चूक होती. कारण आत काय आणि बाहेर काय हेच मी बघत नव्हते.

अजून एक. बारावीला येईपर्यंत मी अंशांतच विचार करायचे. रेडियन म्हणजे पायला (π) १८० म्हणायचं, एवढंच माहीत. सराव करताना साइन ०.१ भागिले ०.१ काढलं तर ०.०१७ यायला लागलं. पुस्तक म्हणतं १ च्या जवळ यायला हवं. दोन दिवस मला वाटत होतं की मला लिमिट समजलंच नाही. कॅल्क्युलेटर अंशांवर होता.

कृष्णाकाठ
ओंजळ, ही चूक माझ्या वर्गात दरवर्षी होते. ०.०१७४५ म्हणजे पाय भागिले १८०. साइनचा डेरिव्हेटिव्ह कोसाइन हे फक्त रेडियनमध्ये खरं आहे, अंशांत घेतलं तर हा आकडा प्रत्येक वेळी शेपटीसारखा मागे येतो. म्हणून रेडियन वापरायचे. शिकतोय_पुन्हा यांचं ९०० अंशांचं उदाहरण क्रम समजायला छान आहे, पण डेरिव्हेटिव्ह घ्यायची वेळ आली की अंश बाजूला ठेवा.

रेडियन हाताने करून बघायचा असेल तर एक ताट घ्या. मध्यापासून काठापर्यंत दोरा मोजून कापा. तोच दोरा काठावरून वाकवून ठेवा. त्याच्या दोन टोकांपासून मध्याकडे रेषा काढल्या की होणारा कोन म्हणजे एक रेडियन, साधारण ५७.३ अंश.

चिंचवृक्ष
थोडं अवांतर, पण राहवत नाही. या 'साइन'चं मूळ आपल्याकडचं आहे. संस्कृतात धनुष्याच्या दोरीला ज्या किंवा जीवा म्हणतात, वर्तुळाच्या जीवेवरून तो शब्द त्रिकोणमितीत आला. अरबीत तो 'जीबा' झाला, तिथे स्वर न लिहिल्यामुळे पुढे 'जैब' असा वाचला गेला. त्याचा अर्थ कपड्याची घडी, खोळ. लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्यांनी त्याच अर्थाचा 'सायनस' शब्द घेतला आणि त्याचं झालं साइन.

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये, वयाच्या ३६व्या वर्षी सिद्धांतशिरोमणी लिहिला. त्यात ग्रहाच्या 'तात्कालिक गती'चा विचार आहे. दिवसभराची सरासरी गती नव्हे, त्या क्षणाची. आणि ज्येतला सूक्ष्म फरक कोटिज्येच्या प्रमाणात असतो हेही त्यात येतं. म्हणजे साइनमधला बदल कोसाइनने मोजायचा! लिमिटची व्याख्या तेव्हा नव्हती, तेव्हा त्यांनी आजचं कॅल्क्युलस रचलं असं मी म्हणणार नाही. पण हा विचार तिथे आहे. चाळीसगावजवळ पाटण इथे त्यांचे नातू चांगदेव यांनी त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढल्याचा शिलालेख आहे. मी मुलांना घेऊन गेलो होतो. ज्यांना जमेल त्यांनी जरूर जा.

निळा_डोंगर
वा, पाटणादेवीला दोनदा गेलो, जंगल आणि मंदिर बघून आलो, शिलालेखाकडे लक्षच गेलं नाही. पावसाळ्यात पुन्हा जातो.

तळ्याकाठी
धागा भास्कराचार्यांपर्यंत पोचला, छानच आहे, पण रानजाईंच्या पाच आठवड्यांतले दोन दिवस गेले. 🙂 कोणीतरी नेमकं सांगा ना. मला स्वतःला सीईटीची काळजी जास्त वाटते. ९० मिनिटांत ५० गणितं, प्रत्येकी दोन गुण. अकरावीचा भाग साधारण २० टक्के, बाकी बारावी. एवढ्या वेगात अवयव पाडायला बसलं तर संपलंच.

रानजाई (१६ एप्रिल)
सगळं वाचते आहे, तिलाही वाचून दाखवते आहे. गिरणी तिला आवडली. फळा_खडू सर, ती नेमकी कुठे अडते हे मला कसं कळेल? वही बघितली तर मला सगळंच बरोबर वाटतं.

फळा_खडू
ताई, मग एक चाचणी देतो. घड्याळ लावू नका, कॅल्क्युलेटर देऊ नका. कच्चं काम त्याच पानावर करायला सांगा आणि काहीही खोडू देऊ नका. उत्तरापेक्षा मला पायऱ्या बघायच्या आहेत.

१/क्ष आणि १/(क्ष + १) यांची बेरीज एका छेदावर. (क्ष + ह)³ उलगडणे. क्ष² − ५क्ष + ६ हे क्षच्या कोणत्या किमतींना शून्यापेक्षा मोठं? √(क्ष²) म्हणजे काय, आणि क्ष = −३ टाकलं तर किती? २ पाया धरून ८ चा लॉग. साइन १५० अंश. २चा क्ष घात, याचा ढोबळ आलेख. शेवटी √(क्ष + ४) − २ याला त्याच्या अनुबद्ध जोडीने (मधलं चिन्ह बदलून मिळणाऱ्या पदाने) गुणायचं.

ही आठच. जिथे पेन अडखळलं त्या ठिकाणी तुम्ही पेन्सिलने टिंब द्या, तुम्हाला गणित यायची गरज नाही.

कृष्णाकाठ
सर, चाचणी सुंदर आहे. माझा विरोध मागे घेतो असं नाही, पण उजळणी मोजून करायची असेल तर अशीच.

रानजाई (१८ एप्रिल)
काल संध्याकाळी केली. मी शेजारी बसून टिंबं दिली. पहिली दोन सरळ सुटली, तीही पटापट. अनुबद्ध जोडीचंही आलं, उत्तर फक्त क्ष उरलं म्हणून ती खूश झाली. क्ष² − ५क्ष + ६ चे अवयव बरोबर पाडले आणि मग "क्ष > २, क्ष > ३" असं लिहिलं. √(क्ष²) ला क्ष, आणि −३ टाकल्यावर −३. साइन १५० ला उणे अर्धा. लॉगची जागा कोरी. आलेख काढला, पण डावीकडे क्ष-अक्षाच्या खाली नेला.

तिला विचारलं लॉग का नाही केलं, तर म्हणाली, कॉलेजात फिजिक्सला लॉग टेबल बघायला शिकवलं, लॉग म्हणजे काय ते कोणी सांगितलं नाही.

फळा_खडू
ताई, तुमच्या मुलीचं बीजगणित चांगलं आहे! ९४ उगाच नव्हते. यजमानांना सांगा, दोन्ही पुस्तकं पहिल्यापासून करायची काहीही गरज नाही.

लॉगचं दुःख जुनं आहे. लॉग म्हणजे प्रश्न: दोनचा कितवा घात केला की ८ येतात? तीन. एवढंच. हा प्रश्न विचारायची सवय लागली की लॉगचे नियम म्हणजे घातांकाचेच नियम उलट्या बाजूने, वेगळे पाठ करावे लागत नाहीत. आलेखही त्यानेच सुधारेल. दोनचा उणे एक घात अर्धा, उणे दोन घात पाव, कितीही डावीकडे गेलं तरी शून्याच्या वरच.

वर्गमुळाचं असं की √ हे चिन्ह कधीच ऋण किंमत देत नाही. म्हणून √(क्ष²) म्हणजे क्षची केवल किंमत, −३ टाकलं तरी उत्तर ३. आणि असमानतेत दोन अवयवांचा गुणाकार धन म्हणजे दोन्ही धन किंवा दोन्ही ऋण. क्ष २ पेक्षा लहान किंवा ३ पेक्षा मोठा. संख्यारेषा काढून तीन तुकड्यांत एकेक संख्या टाकून बघायला सांगा: ०, अडीच, ४.

कृष्णाकाठ
आता क्रम मी सांगतो, कारण सगळं एकदम लागत नाही. बारावी भाग २ च्या पहिल्याच धड्यात लॉग घेऊन डिफरन्सिएशन करायचं असतं, क्षचा क्ष घात वगैरे. तेव्हा लॉग आणि घातांक आधी, दहा दिवस. त्याच धड्यात इन्व्हर्स फंक्शन्स येतात. त्यातली त्रिकोणमितीची इन्व्हर्स फंक्शन्स भाग १ च्या तिसऱ्या धड्यात आहेत. क्लासवाले तो धडा कधी घेणार हे आजच विचारा. आधी तो झाला नाही तर मुलं सूत्रं पाठ करतात आणि पुढे सगळं डळमळतं.

चढतं आणि उतरतं फंक्शन दुसऱ्या धड्यात, असमानता तिथे लागेल, म्हणजे जूनपर्यंत वेळ आहे. साइन १५० ची चूक मात्र लगेच सुधारा. दुसऱ्या चरणात साइन धन, कोसाइन ऋण. एकक वर्तुळ काढून उंची म्हणजे साइन हे डोळ्यांनी बघितलं की पाठ करावं लागत नाही. साइनच्या वर्गाचं कोसाइन २क्षमध्ये रूपांतर, पूर्ण वर्ग करणं, आंशिक अपूर्णांक, हे सगळं इंटिग्रेशनला, म्हणजे डिफरन्सिएशनच्या उलट्या क्रियेला. ते तोवर उघडूसुद्धा नका.

ओंजळ
पूर्ण वर्ग करणं विसरले होते आणि इंटिग्रेशनला रडले होते. क्ष² + ४क्ष + १३ म्हणजे (क्ष + २)² + ९ हे दिसलं की गणित दोन ओळींचं, नाही दिसलं तर पान भरतं. रानजाई काकू, दिवाळीच्या आधी तिला नक्की आठवण करा.

शिकतोय_पुन्हा
आलेखासाठी डेसमॉस फुकट आहे, फोनवर चालतं. पण आधी हाताने ढोबळ काढायचा आणि मगच पडताळायचा. मी उलटं केलं आणि दोन आठवडे वाया गेले.

हडसनकाठची
रानजाई, लॉगसाठी आईचा नंबर देऊ का? नातवाचं झालं, आता तिला करमत नाही. खरंच विचारते आहे, तिला खूप आवडेल. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

रानजाई (३ मे)
उशिरा लिहिते आहे, क्षमा असावी. हडसनकाठची, आजींशी रोज रात्री साडेआठला बोलणं होतं. किती उपकार मानू! लॉग झाले. परवा ती आपणहून म्हणाली की रिश्टर स्केल म्हणजे लॉगच की.

परात घेऊन दोऱ्याचं केलं. काठावर सहा दोरे बसले आणि थोडी जागा उरली. तिने लगेच २ पाय, ६.२८ लिहिलं. ह्यांनाही बोलावून दाखवलं, तेव्हापासून अकरावीच्या पुस्तकांचा विषय घरात निघाला नाही. क्लासला विचारलं तर त्रिकोणमितीचा धडा जुलैत होता. आम्ही तीन पालकांनी मिळून विनंती केली, आता तो डिफरन्सिएशनच्या आधी घेणार आहेत.

फळा_खडू सर, तुमच्या शेवटच्या गणिताचं तिने पुढे काय केलं ते तुम्हाला सांगायचंच होतं. (√(क्ष + ४) − २) भागिले क्ष, क्ष शून्याकडे जाताना. अनुबद्ध जोडीने गुणून पाव उत्तर काढलं. मग तिचा विश्वास बसेना, म्हणून कॅल्क्युलेटर घेऊन क्ष = ०.०१ टाकलं, ०.२४९८४ आलं. ०.००१ टाकलं, ०.२४९९८४. मी स्वयंपाकघरात होते. कॅल्क्युलेटर घेऊन धावत आली, "आई, हे बघ, हे खरंच जवळ जातंय."

फळा_खडू
ताई, तिला म्हणावं आता क्ष = −०.०१ टाकून दुसऱ्या बाजूनेही बघ. उत्तर इथे कळवा, मी वाट बघतो.